मोठ्या प्रसंगाची बाटली

कारखान्यात तिला सगळे नाकबाई म्हणायचे. कारखाना व्हिनेगरचा. पिंपांमध्ये महिनोन्‌महिने रस आंबत पडलेला असायचा आणि कुठलं पिंप तयार झालं, कुठलं अजून कच्चं आहे, हे ती झाकण बोटभर सरकवून, एक श्वास घेऊन सांगायची. मग खडूने खूण करायची. तयार असेल तर फुली, कच्चं असेल तर गोल. यंत्रं आली, हातात कागद घेतलेले तपासनीस आले, तरी तिच्या फुलीशिवाय एका पिंपाचा नळ उघडत नव्हता. सत्तावीस वर्षांत ती फुली एकदाही चुकली नव्हती.

घरी मात्र नवऱ्याला तिच्या कामाची लाज वाटायची. संध्याकाळी ती दारात आली की पेपरातून मान वर न काढता तो म्हणायचा, "आधी आंघोळ करून ये." दमलीस का, बसतेस का, काही नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला ते वाक्य लाडाचं वाटलं होतं. ते आठवलं की तिला आता स्वतःचीच किळस यायची.

नवरा रंगाच्या दुकानात गल्ल्याच्या पलीकडे उभा असायचा. त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास यायचा, पण तो म्हणे कष्टाचा वास. त्याला नाद एकच, भारी वाइनच्या बाटल्यांचा. लग्न झालं, आणली. मुलगी झाली, आणली. बायको दवाखान्यात कण्हत होती तेव्हा हा गृहस्थ दुकानात लेबलं वाचत उभा होता. स्वतःचं घर झालं, आणली. पण आणलेली बाटली कधी उघडायची नाही. याहून मोठा प्रसंग येईल, असं त्याचं ठरलेलं उत्तर. अशा अकरा बाटल्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर शिपायांसारख्या उभ्या होत्या. जागाही त्यानेच हेरलेली, कोरडी आणि ऊबदार. ओल आणि गारठा लागला की रंगाचा डबा गेलाच म्हणून समजा, हे तो जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता. मग वाइनचं काय वेगळं असणार? दर रविवारी स्टुलावर चढून तो एकेक बाटली पुसायचा आणि तळाशी काही बसू नये म्हणून रंगाच्या डब्यासारखी खळखळून हलवायचा. तेवढा वेळ तिने स्वयंपाकघरात फिरकायचं नाही. बुचाला तिचा वास लागेल म्हणून.

कारखान्याने तिला सगळ्या पिंपांवरची मुख्य केलं, त्या दिवशी ती जरा लवकरच घरी आली होती. आज एखादी बाटली येईल, असं तिला वेड्यासारखं वाटत होतं. नवरा हसला. व्हिनेगरसाठी कुणी वाइन आणतं का, म्हणाला. दुसऱ्या महिन्यात त्याच्या दुकानाला नवी पाटी लागली, तेव्हा अकरावी बाटली आली.

आता मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला तिकडची माणसं दुपारी जेवायला यायची होती. मोठा प्रसंग अखेर उगवला होता. मुलीच्या जन्माची बाटली काढायचं ठरलं. सकाळी नाकबाईने मुलीला एवढंच विचारलं, की आपल्या कामाचं त्या माणसांना सांगितलंय का. मुलगी केस विंचरत होती. "आई खाद्यपदार्थांच्या कंपनीत आहे असं सांगितलंय," ती म्हणाली. "बाकीचं सांगेन गं, लग्न तर होऊ दे." पोटच्या पोरीने चार लोकांत आपलं काम काय ते सांगावं, याहून जास्त नाकबाईला काही नको होतं. तिने सकाळी एकदा आणि स्वयंपाक झाल्यावर पुन्हा एकदा आंघोळ केली, हातांना लिंबू चोळलं.

व्याही मोठे दर्दी निघाले. बसल्या बसल्या त्यांनी कुठे कुठे काय काय प्यायलं याची पोथी उघडली. विहीणबाई अधूनमधून मान डोलवत होत्या, होणारा जावई रुमालाची घडी घालत होता. नवऱ्याने बाटली तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून आणली. बूच ओढलं तर अर्धं हातात आलं आणि अर्ध्याचा भुगा झाला. जुन्या मालाचं असंच असतं, असं म्हणून व्याह्यांनी त्याला धीर दिला. पेल्यात वाइन पडली ती विटकरीच्या रंगाची. नाकबाई स्वयंपाकघराच्या दारात होती. पहिल्या पेल्यातच तिला कळलं. हा वास तिला झोपेतही ओळखता आला असता.

व्याह्यांनी घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, गाल आत गेले. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, काय धार आहे! नवऱ्याने घोट घेतला, त्याचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं, आणि तोही म्हणाला, वा! जावई म्हणाला, मस्त. मुलगी म्हणाली, छान. एकामागोमाग एक माणसं शहाण्यासारखी बसून व्हिनेगर गिळत होती आणि तारीफ करत होती. कारखान्यात कामगारसुद्धा चव घेऊन थुंकतात.

विहीणबाई तेवढ्या प्रामाणिक. नाकाशी रुमाल धरून त्यांनी विचारलं, कसला तरी आंबट वास येतोय का?

"तो हिचा," नवरा घाईघाईने म्हणाला. "कितीही धुतलं तरी जात नाही. तू आत जा बघू जरा."

नाकबाईने मुलीकडे पाहिलं. मुलगी ताटात बघत होती.

मग ती आत गेली नाही. टेबलापाशी आली, नवऱ्याचा पेला उचलला, एक श्वास घेतला आणि खाली ठेवला. "हे तयार झालंय," ती म्हणाली. "व्हिनेगर म्हणून उत्तम आहे. काकडीवर घाला, पिऊ नका. पोट बिघडेल."

व्याह्यांचा चेहरा तांबडा झाला. जुन्या वाइनची धार सगळ्यांना कळत नाही वहिनी, असं म्हणून त्यांनी उरलेला पेला एका दमात रिकामा केला. नवरा मागे कसा राहणार? त्यानेही केला, वर बाटलीत उरलेली दोघांनी वाटून घेतली. चूक कबूल करण्यापेक्षा त्यांना घसा जाळून घेणं परवडलं.

मुलीने पेला लांब सरकवला. "माझी आई व्हिनेगरच्या कारखान्यात मुख्य आहे," ती म्हणाली. "पिंपाचा वास घेऊन ती सांगते. ती तयार म्हणाली म्हणजे तयार."

हेच ऐकायचं होतं. नाकबाईला बरं वाटलं, पण मघाचं ते 'छान' काही केल्या कानातून जाईना.

तारीख ठरली आणि माणसं गेली. नवरा त्यांना खालपर्यंत सोडायला गेला, तेवढ्यात ती स्टुलावर चढली. कामाच्या पिशवीत नेहमी असणारा खडू तिने हातात घेतला होता. उरलेल्या दहाही बुचांना तिने नाक लावलं आणि दहाही बाटल्यांवर फुली मारली.

नवरा तणतणत आत आला. चार माणसांत माझं नाक कापलंस, म्हणाला. बोलताना तो अगदी जवळ आला होता. त्याच्या तोंडाला, शर्टाला, मिशीला पिंपाचा वास येत होता. तिने हात नाकाशी नेला.

"आधी आंघोळ करून ये," ती म्हणाली.