ओल्या लाकडाचे वाडगे

सुधाकर गेल्याचा फोन अमेरिकेतल्या अल्फारेटाहून त्याच्या मुलाचा, अमेयचा आला. दिवसकार्य आटोपल्यावर त्याचा पुन्हा फोन. "काका, घर विकून आईला इकडे आणायचंय, पण ती ऐकत नाहीये. तुम्ही जाऊन कन्व्हिन्स करा ना." म्हणून मी पार्सिपनीहून हवाईला, हिलोला गेलो...

निवृत्तीनंतर सुधाकरने तिथे घर घेतलं तेव्हा आम्ही मित्रांनी त्याला वेड्यात काढलं होतं. सॉफ्टवेअरचा माणूस, साधा खिळा ठोकायचा तरी वहिनींना हाक मारणारा. पण अंगणातलं उंच आयलंड पाइन वादळाच्या भीतीने पाडावं लागलं आणि पठ्ठ्याने ओंडके कुणाला नेऊ दिले नाहीत. गराजमध्ये लाकूड कातायचं लेथ मशीन आलं आणि तो वाडगे कातू लागला. या झाडाच्या फांद्या एकाच उंचीवर चहूबाजूंनी फुटतात, त्यामुळे कातलेल्या वाडग्यावर गाठींची गोल रांग उमटते. वाडगा उजेडात धरला की तांबूस दिसायचा आणि सुधाकर लहान मुलासारखा खूश व्हायचा.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत डिशवॉशर म्हणजे हाताने घासलेली भांडी निथळायची जागा. सुधाकरने कातलेला वहिनींचा कोशिंबिरीचा वाडगाही तिथेच असायचा. सुट्टीला आलेल्या अमेयने आईला मदत म्हणून डिशवॉशर चक्क सुरू केला. गरम पाण्याने वाडगा काठापासून बुडापर्यंत तडकला. अमेय नवा ऑर्डर करायला निघाला, तर सुधाकरने त्याच झाडाचा भुसा गोंदात कालवून भेगेत भरला आणि "घट्ट धरून बस" म्हणत वाडगा त्याच्या हातात दिला. बापलेक दुपारभर तसेच बसून होते. शाळा संपल्यापासून मुलगा इतका वेळ जवळ बसला नव्हता, हे सुधाकर मला पुन्हा पुन्हा सांगायचा. मला त्याची फार आठवण येते.

मी विषय काढल्यावर वहिनी मला गराजमध्ये घेऊन गेल्या. फळीवर कागदी पिशव्यांत अर्धवट कातलेले, जाड वाडगे सुकत होते. ओलं लाकूड महिनोन्‌महिने सुकवावं लागतं. सुधाकर दर रविवारी ते काट्यावर ठेवायचा; वजन घटायचं थांबलं, की सुकलं म्हणायचं. वहिनींनी एक वाडगा काट्यावर ठेवला आणि पिशवीवर लिहिलेल्या मागच्या रविवारच्या आकड्याशी वजन ताडून पाहिलं.

"अजून घटतंय, भावजी. यांना असं ओलं टाकून कशी येऊ?"

पुढे कातणार कोण, हे मी विचारलं नाही. बाहेर येऊन अमेयला फोन लावला आणि जे पाहिलं ते सांगितलं.

"काका," तो म्हणाला, "आज वजन किती भरलं?"