हत्ती डावीकडे एक घर

अठ्ठ्याहत्तर साली आमची तोफखान्याची बॅटरी लडाखला गेली. मी नाशिकचा, हुद्दा नाईक, तोफांपाशी कमांड पोस्टमध्ये. सिग्नलर लान्स नाईक दिनकर जाधव सिन्नरकडचा. तो वर डोंगरावर, ओपीत, म्हणजे समोरच्यावर नजर ठेवायच्या चौकीत. मध्ये चार किलोमीटर टेलिफोनची वायर.

रोज ०६०० ला लाइन टेस्ट. ती झाली की आम्ही मिनिटभर चोरायचो. माझी बायको रविवारच्या पेपरातलं बुद्धिबळाचं कोडं दोन कागदांवर उतरवून पाठवायची, एक मला, एक त्याला. त्याचा पट पुठ्ठ्याचा, सोंगट्या वायरच्या तुकड्यांच्या. मला वजिराने शह द्यायची भारी हौस. तो म्हणायचा, "नाईकसाहेब, लय घाई तुमाला. शह म्हंजे मात नाय."

तोफखान्यात लाइनवर आलेली ऑर्डर ऐकणाऱ्याने शब्दशः रिपीट करायची असते. तोवर ती पोचली असं धरत नाहीत. आम्ही खेळ्याही तशाच रिपीट करायचो.

फेब्रुवारीत एका कोड्यावर तीन दिवस भांडण चाललं. चौथ्या सकाळी तो म्हणाला, "हत्ती डावीकडे एक घर."

"शह नाही, मारामारी नाही, ही कसली खेळी? वजिराने शह. चौथ्या खेळीला मात."

"चौथ्याला राजा निसटतो. रिपीट करा."

"नाही करत. संध्याकाळी बोलू."

मला राग आला होता. त्याचंच बरोबर असेल अशी शंका तेव्हाच आली होती, म्हणून जास्त.

११४० ला लाइन गेली. रेडिओवर दिनकर आला. "लाइन डेड. दोघं वायर बघायला निघतोय. ओव्हर."

"रॉजर. सांभाळून. आउट."

१२१८ ला फोन वाजला. त्याने जोड मारून तिथूनच टेस्ट घेतली होती. "लाइन ओके."

"लाइन ओके," मी रिपीट केलं.

तो क्षणभर थांबला. माझ्या शेजारी कॅप्टनसाहेब उभे होते. मी फोन ठेवला.

१२२५ ला वरचा बर्फ सुटला. दोघांतला एक चालत परत आला. दिनकर तिसऱ्या दिवशी सापडला. त्याने मारलेला जोड शाबूत होता. त्या वायरवर आम्ही पुढे महिनाभर बोललो.

आठवड्याने मी पट मांडला. माझ्या खेळीत राजा चौथ्याला निसटला. हत्ती डावीकडे सरकवला, तर काळ्याने काहीही केलं तरी तिसऱ्याला मात. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढे पेन्शनीवर येऊन सातपूरला एका कारखान्यात लागलो. सिन्नरला जायला मात्र शहाऐंशी साल उजाडलं. त्याच्या वडिलांनी कांद्याच्या चाळीपाशी खाट टाकली. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे आमचा दिनू बरोबर व्हता?"

"हो."

"त्याला सांगितलं का तुमी?"

"राहिलं, बाबा."

"मग आता सांगा की. त्यो काय, आत भिंतीवर हाय."

मी आत गेलो. फोटोत तो युनिफॉर्ममध्ये होता, टोपी थोडी वाकडी. मी सावधानमध्ये उभा राहिलो.

"हत्ती डावीकडे एक घर," मी म्हणालो.