शतावरीला आवतन

मुळी आपलं गुपित फक्त धीर धरणाऱ्यालाच सांगते. हे वाक्य माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात आहे. ते लिहिलं तेव्हा माझ्याकडे धीर नव्हता, तीन आठवड्यांची मुदत होती.

शतावरीच्या मुळ्यांचा अर्क काढून मी त्यातले घटक वेगळे करत होतो. बाकीचे फिकट, एक मात्र पिवळाधमक. तो कागदाच्या चकतीवर घेऊन जंतूंच्या ताटलीत ठेवला, तर चकतीभोवती जंतू वाढलेच नाहीत. मी शिकवतो त्या कॉलेजच्या प्राचार्यांनी ताबडतोब ‘वाशीमच्या मातीतला नवा रेणू’ असा फ्लेक्स छापायला सांगितला. माझी मात्र झोप उडाली. शतावरीची मुळी पांढरी असते. मग पिवळं आलं कुठून?

शेवटी त्यावर सोड्याच्या द्रावणाचा थेंब टाकला. लालभडक झालं. हळदीच्या डागावर साबण लावला की होतं, तसं.

मुळ्या केनवडच्या एका काकांच्या बांधावरच्या होत्या. धुतल्या तर औषध वाहून जाईल म्हणून मी त्या नुसत्या ब्रशनं झाडल्या होत्या. दुचाकी काढून थेट त्यांच्याकडे गेलो.

“काका, मुळ्यांना काही लावलं होतं का?”

“मंग? आदल्या दिवशी आवतन देल्लं ना. औषधाची मुळी अशीच उपटतेत काय? माती सारली, हळद चोळली, अक्षता वाह्यल्या. म्हनलं, उद्या सर येऊन राह्यले, चाल त्याहिच्यासंगं.”

“हळद किती?”

“घरची हाय. तुमच्यासाठी हात कायले आखडू?”

“आणि आवतन न देता खणली तर?”

“तुमी जाता का कोनाकडं बिनआवतनाचे जेवाले?”

मी प्राध्यापक आहे, उत्तर टाळलं. पण मला बिनहळदीची मुळी हवीच होती. तिनंही जंतू रोखले तर प्रबंध वाचणार होता. नाहीतर चार वर्षं हळदीची.

काका पाठ फिरवून उभे राहिले. “खना. मी पाह्यलंच नाई.”

पुन्हा अर्क, पुन्हा चकती. ताटली दिवसभर उबेच्या पेटीत बंद ठेवायची असते. मी दर तासाला दार उघडून पाहत होतो. त्यानं ऊब जाते, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवतो. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, फ्लेक्सवर फोटो मुळीचा मोठा घ्यायचा की त्यांचा.

दुसऱ्या दिवशी ताटली बाहेर काढली. जंतू चकतीला अगदी चिकटून वाढले होते.