ऑइल चेंबरचं लाल सिलिकॉन

पेट्रोल भरताना मीटरवरचं शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुढे काही करू देत नाही. त्यामुळे नेऱ्याच्या शेतावर बाबांच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बांधायला करंज्याहून बोटींचा मेस्त्री आला, तेव्हा मी त्याच्यासमोर खुर्ची टाकूनच बसलो. या वेळी इंजिन नीट झालं नाही तर ट्रॅक्टर कळंबोलीला भंगारात द्यायचा, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

पनवेलहून मी सांध्यातून तेल गळू नये म्हणून लावायच्या लाल सिलिकॉनच्या दोन ट्यूब आणल्या होत्या. हा गडी इंजिनाच्या तळाशी बसणाऱ्या ऑइल चेंबरच्या पॅकिंगला नुसत्या चार कोपऱ्यांवर सिलिकॉन लावत होता, तेही बोट पुसल्यासारखं. दुसरी ट्यूब त्याने उघडलीसुद्धा नाही. ती याच्या पिशवीत जाणार, अशी माझ्या मनात पाल चुकचुकली.

"एवढ्याने तेल गळणार नाही?" मी विचारलं.

"नाय गलनार. बोटीवर आमी एवढाच लावतो. जास्ती लावला तं आतमंदी जातो."

खाऱ्या पाण्यातल्या माणसाला ट्रॅक्टरचं काय कळणार, असं मी बाबांना मागे जाऊन सांगूनही आलो.

दुपारी मेस्त्री जेवायला गेला. इंजिन शेडमध्ये लोखंडी घोडीवर उलटं ठेवलेलं होतं, चेंबरचे बोल्ट नुसते हाताने फिरवलेले. मी ते काढले, पॅकिंगच्या दोन्ही अंगांना करंगळीएवढी जाड रेघ ओढली आणि चेंबर परत बसवलं. बाहेर आलेलं पुसून काढलं. थोडं माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याला लागलं, ते काही निघेना. मेस्त्रीने येऊन बोल्ट आवळले आणि मी स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. दहा मिनिटांत ऑइलच्या मीटरचा काटा खाली यायला लागला, तसं मेस्त्रीने झटकन इंजिन बंद केलं. चेंबर उतरवलं, तर तेल ओढणाऱ्या जाळीत सिलिकॉनचे लाल तुकडे अडकलेले. त्याने ते एकेक काढून पेपरवर मांडले.

"एवढं कुणी थापतं का, मेस्त्री?" बाबांचा आवाज चढला. "पोरगा म्हणत होता तेच खरं."

खरं सांगायचं सोडून मी पेपरवरचे तुकडे मोजत बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

मेस्त्रीने माझ्या मनगटाकडे एकदा बघितलं. "इंजिन वाचला, काका," तो बाबांना म्हणाला. जाळी धुतली, चेंबर घासून साफ केलं, नवं पॅकिंग काढलं. मी आणलेल्या दोन्ही ट्यूब त्याच्या पिशवीत नाही, शेडच्या खिडकीत होत्या; त्यातली अर्धी उरलेली त्याने उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"आता तुमी लावा, दादा. मी बघतो." आणि तो माझ्या खुर्चीत बसला.

ट्यूब घ्यायला मी हात पुढे केला, तेव्हा पट्ट्यावरचा लाल डाग बाबांना दिसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणखी एक खुर्ची ओढून त्यांनी मेस्त्रीच्या शेजारी मांडली, आणि दोघंही माझ्या हातांकडे बघत बसले.