करपलेला वेल

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पोटच्या लेकींना नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही ओठांवर येऊ दिलं नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

निजामाचं राज्य होतं. मी नुकतीच लग्न होऊन बिलोलीला आले होते. हे तहसील कचेरीत कारकून. घरात सासरे, सासूबाई — त्यांना मी आत्याबाई म्हणायची — आणि माझी नणंद गोदावन्सं. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या. परसात त्यांनी लाल भोपळ्याचा वेल लावून कुडावर चढवला होता. त्या घरात त्यांचं म्हणावं असं तेवढंच होतं. आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, गोदीच्या हाताला गुण हाय. मला ते बोचायचं. का बोचावं? मला तर सगळंच होतं.

पावसाळ्यात वेलावर लाल भुंगे पडले, पानांची चाळणी झाली. गोदावन्सं पहाटेच्या दवात सुस्तावलेले भुंगे वेचायच्या, वरून चुलीची राख भुरभुरायच्या. पण ते काम सावकाशीचं. आणि मला दाखवायचं होतं — मलाही कळतं. गोदावन्सं तेव्हा महिन्याच्या चार दिवसांसाठी परसातल्या छपरात बाजूला बसल्या होत्या. दुपारी लुगडं धुवायला ओढ्यावर गेल्या, घरातले आडवे झाले, तेव्हा मी सासऱ्यांची तंबाखू पाण्यात उकळली, पार काळीकुट्ट, आणि भर उन्हात पानांवर शिंपडली. थोडी नाही — निथळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पानं कडेनं करपली, मग लोळागोळा झाली. कुडाच्या वरच्या अंगाला मात्र हिरवीगार होती. माझा हात पोचला तिथवरच वेल जळला होता — हे मी बघितलं. दुसऱ्या कुणी कशाला बघावं?

आत्याबाईंनी वेल बघितला, मग छपराकडं बघितलं.

"गोदे, शिवलीस का येलाला?"

"शिवले न्हाई," गोदावन्सं म्हणाल्या. "पन सावली पडली असंल माझी."

मी दारातच उभी होते. तंबाखू मी शिंपडली — एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी सूप उचललं आणि आत गेले.

त्या दिवसापासून त्यांना वेलाजवळ जाणं बंद झालं. वेल माझ्याकडं आला. कुणी नसताना मी पानं साध्या पाण्यानं धुतली, करपलेली खुडली, त्यांच्यासारखीच राख टाकली. नवे शेंडे फुटले, भोपळे धरले. आणि आत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, गोदी लांब झाली नि वेल सुधारला. माझ्या गुपचूप डागडुजीनं गोदावन्संवरचा आळ पक्का झाला — कळतंय ना तुम्हाला? बाया मला गुणाची म्हणाल्या. मी मान खाली घातली, तर त्याला त्यांनी विनय म्हटलं.

पुढं गोदावन्सं देवणीला मामाकडं राहायला गेल्या. राज्य बदललं, मला लेकी झाल्या. एका लग्नासाठी देवणीला गेले तेव्हा त्यांना भेटले. केस पिकलेले. अंगण सारवून लख्ख, पण हिरवं म्हणून काही नाही. काही लावलं नाही का, मी विचारलं — विचारलंच कसं मी?

"न्हाई वहिनी. माझ्या सावलीनं जळतं," त्या म्हणाल्या. "मामीच्या कढीपत्त्यालाबी मी वळसा घालूनच जाते."

कुरकुर नव्हती त्यात. ऊन तापलंय म्हणावं, तसं म्हणाल्या. त्यांनी ते खरं मानलं होतं. खोलीत आम्ही दोघीच. आत्याबाई केव्हाच गेलेल्या, मी भ्यावं असं कुणी उरलं नव्हतं.

मी म्हटलं, चहा छान झालाय.

त्या अजून घे म्हणाल्या. मी घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या वारल्याचा निरोप आला.