यांच्या मशीनचा आवाज

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं एक लाकडी खोकं उभं आहे. पुढून टीव्हीसारखा पडदा, खाली एक दांडा आणि दोन बटणं. नाणं टाकून खेळायचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन. शहरातल्या एका थेटराशेजारचं गेमचं दुकान बंद पडलं तेव्हा यांनी ते विकत घेतलं आणि टेम्पोत घालून इकडे आवडीला, तमिळ मुलखातल्या आमच्या या गावी आणलं. चार माणसांनी ते आत ढकललं. मी दारातच विचारलं, हे आता ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर? हे म्हणाले, कोपऱ्यात मावेल. मावलं. माझं शिलाई मशीन मात्र आतल्या खोलीत गेलं, आणि तो राग मी पुढे कित्येक वर्षं नीट जपून ठेवला.

हे फॅक्टरीतून यायचे, चहा घ्यायचे आणि सहा वाजता स्टुलावर बसायचे. पडद्यावर वरून किडे उतरायचे आणि हे खालून त्यांना गोळ्या घालायचे. एवढा शिकलेला माणूस, दिवसभर लोखंडाशी झुंजून येतो आणि घरी किडे मारतो, म्हणून मी कपाळाला हात लावायचे. त्यात मला अर्धशिशीचा त्रास. स्वयंपाकघरातून मी ओरडायचे, “जरा आवाज कमी करा हो.” हॉलमधून उत्तर यायचं, “केला.” आणि खरंच, मला जरा बरं वाटायचं.

खेळताना हे मान खाली घालून, कान जवळजवळ लाकडाला टेकवून बसायचे. मला वाटलं, ऐकू कमी यायला लागलं. फॅक्टरीत आयुष्य गेलं, ठोकाठोकीने कान गेले असणार. जबरदस्तीने कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, या डॉक्टरला काही कळत नाही. हे नुसते हसले. परत येताना लोकलमध्येही मधूनच हसत होते, आणि मी आवडी येईपर्यंत तोंड फिरवून बसले होते.

गेल्या वर्षी हे गेले. साताऱ्याहून नातेवाईक आले, तेराव्यापर्यंत राहिले, मग ज्याची त्याची गाडी निघाली. मुलगा ऑस्ट्रेलियात, तोही सुट्टी संपल्यावर परतला. घर खायला उठतं म्हणतात ते मला तोवर नुसतं बोलायपुरतं माहीत होतं. दिवसाचं तरी निभायचं. सहा वाजले की मात्र काय करावं कळायचं नाही. चहाचं आधण दोन कपांचं ठेवलं जायचं. एका संध्याकाळी मी उठले आणि मशीनचं बटण दाबलं. खेळता मला येत नाही, दांडा कुठे ढकलायचा तेही ठाऊक नाही. पण कुणी खेळत नसलं तरी मशीन आपलं आपण वाजत राहतं. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, आणि तेवढा अर्धा तास हॉलमध्ये हे आहेत असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, त्यानंतर रोज सहाला मी ते लावायचे.

आणि एक दिवस ते लागलंच नाही. मुलाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, आई, विकून टाक आता ते धूड, जागा तरी होईल. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. जागा कुणासाठी करायची होती, ते त्याने सांगितलं नाही.

स्टेशनजवळ एक म्हातारा टीव्ही मेकॅनिक आहे. खोक्याएवढे टीव्ही होते तेव्हापासूनचा. त्याला बोलावलं. त्याने मागची फळी उघडली, पालीची अंडी झटकली, मीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, अम्मा, पॉवर सप्लाय मेला आहे. म्हणजे घरातली वीज घेऊन मशीनला लागेल तेवढी तोलून देणारा जो पत्र्याचा डबा असतो, तो. नवा शहरात रिची स्ट्रीटवर, विजेच्या सामानाच्या बाजारात मिळेल म्हणाला आणि कागदावर आकडे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन गेले. तीन दुकानांत नाही म्हणाले. चौथ्यात मिळाला. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याने डबा कागदात गुंडाळून दिला.

डबा आला, मेकॅनिक आला, आणि खरी पंचाईत तेव्हा कळली. यांनी कधीतरी आतली सगळी वायरिंग स्वतः बदलली होती, आणि सगळ्या वायरी काळ्या. एकच गुंडाळी मिळाली असणार, दुसरं काय. पण प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर कोणती किती व्होल्टची ते लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं मराठीत. जन्मभर फॅक्टरीत इंग्रजीत लिहिणारा माणूस घरी मात्र मराठीत लिहायचा. मेकॅनिकला अक्षर वाचता येईना, मला विजेतलं ओ की ठो कळेना. त्याने बजावलं, एक वायर जरी चुकली तरी आतला बोर्ड जळेल, आणि हा बोर्ड आता कुठे मिळायचा नाही. बोर्ड गेला की माझे सहा ते साडेसहा कायमचे गेले, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो. मी चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचायची आणि माझ्या बाजारहाटाच्या तमिळमध्ये त्याला सांगायची. पाच, अंजु. बारा, पन्निरंडु. तो मान हलवून स्क्रू पिळायचा. शेवटी दोन वायरी उरल्या. एकीवर ‘ग्राउंड’ होतं, ते बरं, ते त्यालाही समजलं. दुसरीवर नुसतं ‘पाच’. पण पाचाची वायर तर आधीच लावून झाली होती. तो म्हणाला, हाही पाच असेल किंवा मायनस पाच असेल, उलट लागला तर संपलं. ओल लागून चिठ्ठीची डावी बाजू डागाळली होती.

मी ती उजेडात धरली. ‘पाच’ अगदी उजव्या कडेला कोंबलं होतं. आता हे कागदाच्या बाबतीत असे चिकट होते की किराण्याची यादी बसच्या तिकिटामागे लिहायचे, आणि सुरुवात नेहमी डाव्या कडेला चिकटून. उगीच जागा सोडणं यांच्या स्वभावातच नव्हतं. म्हणजे पाचाच्या आधी काहीतरी होतं. मी सांगितलं, मायनस. तो म्हणाला, नक्की ना, अम्मा? मी म्हटलं, पस्तीस वर्षं याच अक्षरातल्या याद्या वाचल्यात मी, लाव तू.

त्याने वायर लावली, मीटरने सगळं दोनदा तपासलं आणि बटणापाशी गेला. माझ्याने तिथे उभं राहवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. आधी काहीच नाही. मग तो आवाज आला, टुंयटुंय करत, नेहमीचा. मी पदराने डोळे पुसले आणि बाहेर आले.

मेकॅनिक मात्र खूश नव्हता. स्टुलावर बसून त्याने एक डाव खेळून पाहिला. मान खाली घातली, कान लाकडाला लावला, हुबेहूब यांच्यासारखा. मी पाहतच राहिले. तो म्हणाला, आवाज फारच कमी आहे, इथे बसून काही ऐकूच येत नाही. त्याने नाणी पडायची झडप उघडली. आत आवाजाचं बटण होतं, गंजून घट्ट बसलेलं. हे कित्येक वर्षांत कुणी फिरवलेलंच नाही, म्हणाला. त्याच्याशेजारी पेन्सिलीची खूण होती आणि खाली चिठ्ठी. त्याने विचारलं, यावर काय लिहिलंय?

मी वाचलं. ‘खुणेच्या वर नको. हिचं डोकं दुखतं.’

मेकॅनिकला मी एवढंच सांगितलं की ‘आवाज’ असं लिहिलंय. त्याने तेल सोडून ते बटण सुटं केलं आणि फिरवलं. सगळं घर दणाणून गेलं. तो आवाज माझ्या ओळखीचाच नव्हता, त्या थेटराजवळच्या दुकानातला असावा. मी म्हटलं, परत खुणेवर आण. त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण त्याने आणलं, चहा घेतला आणि गेला.

मी स्टुलावर बसून राहिले. म्हणजे आवाज कधीच कमी होत नव्हता. तो आधीच इतका कमी होता की यांना स्वतःला लाकडाला कान लावून खेळावं लागत होतं. मी ओरडायचे, हे हातसुद्धा न हलवता ‘केला’ म्हणायचे, आणि मला बरं वाटायचं. वर मी यांना बहिरं ठरवून डॉक्टरकडे नेलं. लोकलमध्ये हसू का येत होतं, ते मला आत्ता कळलं. एकदा तरी बोलायचं होतं हो. मी काय खाऊन टाकलं असतं यांना?

सहा वाजले. आधण ठेवलं, एकाच कपाचं. हॉलमधून टुंयटुंय येत होतं. चहा गाळता गाळता, शप्पथ सांगते, काही ठरवलं नव्हतं, माझ्या तोंडून निघून गेलं, “जरा आवाज कमी करा हो.”

गाळणं तसंच हातात धरून मी थांबले. किडे वाजत राहिले. मग मी कप घेऊन हॉलमध्ये गेले, स्टुलावर बसले, कान लाकडाला लावला आणि म्हटलं, “केला.”