बाई वेळेवर उभ्या होत्या

कुठल्याही किल्ल्यात शिरलं की फिलोमिनाबाई आधी स्वयंपाकघर शोधायच्या. राजाचा पलंग, राणीचा आरसा, भिंतीवरच्या तलवारी यांच्याकडे त्या ढुंकून पाहत नसत. "राजा कुठे झोपला ते मला नको. एवढ्या उंचावर पाणी कोण भरत होतं ते विचारा," असं त्या मला गाइडला विचारायला लावत. गाइड पुन्हा तलवारींकडे वळला की त्या मुलींकडे वळत. "बघा गं, पायऱ्या चढून जिनं पाणी आणलं तिचं नाव नाही, आणि बसून खाल्लं त्याचा पुतळा."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. आमच्या अंधेरीच्या कॉलेजातले अकरा विद्यार्थी दोन आठवड्यांसाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठात गेले होते. मी इतिहासाचा प्राध्यापक, दौऱ्याचा प्रमुख. मुली होत्या म्हणून सोबत एक बाई हव्या होत्या. प्राध्यापिकांपैकी कुणाला जमेना, तेव्हा ग्रंथालयातल्या मदतनीस फिलोमिनाबाईंचं नाव पुढे आलं. त्या मरोळ गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. कुवेतच्या बहिणीकडे जाऊन आल्यामुळे पासपोर्ट तयार होता. कॉलेजात कित्येक वर्षं तात्पुरत्या होत्या आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये कायम होणार होत्या.

विमानतळावर डोकी मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तेरा जण आहोत, सर. आमच्यात म्हणतात, तेरा जण एका टेबलाला बसले की एक दगा देतो. बघू कोण निघतो." सगळे हसले. मीही हसलो.

शेवटचा शनिवार-रविवार फिरण्यासाठी राखला होता. शनिवारी एक शहर, दोन कॅथीड्रल आणि एक किल्ला झाला. रविवारी डोंगरावरचा दुसरा किल्ला बघायचा, तीन वाजता त्याच्या फाटकाशी बस येणार आणि आम्हाला थेट विमानतळावर सोडणार. मुलांचे फोन मी रात्रीच बंद करून माझ्या फोनसोबत बॅगेत ठेवत असे. "फोनमध्येच बघायचं तर घरी बसून बघा. इथे माझं घड्याळ चालेल," हा माझा नियम होता. त्याचा मला अभिमानही होता.

रविवारी सकाळी बाई चर्चमध्ये आठच्या मिस्सेला गेल्या आणि लगेच परत आल्या. आम्ही वसतिगृहात नाश्त्याला बसत होतो, आणि तिथल्या बायका टेबलं आवरत होत्या.

"सर, घड्याळात गडबड आहे. मी दहा मिनिटं आधी पोचले, तर लोक कम्युनियनच्या रांगेत उभे, म्हणजे मिस्सा संपत आलेली."

"तुमची मिस्सा लवकर सुरू झाली असेल."

"मिस्सा लवकर सुरू होत नाही, सर. किचनमधल्या बाईला विचारलं. तिनं खुणेनं सांगितलं, काल रात्री इथं सगळ्यांनी घड्याळ एक तास पुढे केलं, असं करतात म्हणे दर वर्षी."

मी सगळ्या मुलांसमोर म्हणालो, "मग आता किचनमधल्या बाईच्या सांगण्यावर दौरा चालवायचा का?"

मुलं हसली. बाईंनी स्वतःचं घड्याळ एक तास पुढे केलं.

मला माहीत नव्हतं हा गुन्हा नव्हे. आपल्याकडे उन्हाळा लागताना घड्याळ असं हलत नाही. पण मला सांगितलं गेलं होतं, हे मी आजवर लपवलं.

डोंगर चढताना एक मुलगी म्हणाली, "हे तर आपलं आरे कॉलनीच आहे यार, फक्त म्हशी नाहीत." वर मनोऱ्यावर मोठं घड्याळ होतं. एका मुलानं बोट दाखवलं. "सर, ते एक तास पुढे आहे." मी म्हणालो, "जुनं आहे रे. आपल्या स्टेशनवरचं तरी कुठे बरोबर असतं?"

दुपारी मी सहा मुलांना तटावर उभं करून वेढा कसा घालत असत ते समजावत होतो. बाई धापा टाकत वर आल्या. पाच मुलींना त्यांनी फाटकाशी उभं केलं होतं.

"सर, चला. बस आलीय. ड्रायव्हर थांबायला तयार नाही."

मी मनगट पुढे केलं. "बाई, अजून पन्नास मिनिटं आहेत."

"तुमच्या घड्याळात आहेत. बसच्या घड्याळात नाहीत."

मी पुन्हा तटाकडे वळलो. त्या धावत खाली गेल्या. ड्रायव्हर अजून थोडा थांबला, मग त्यानं खुणेनं विचारलं, तुम्ही सहा जणी तरी येता का? बाईंनी मान हलवली. "आलो तेरा, जाणार तेरा," असं त्या त्याला मराठीतच म्हणाल्या, हे मुलींनी मला नंतर सांगितलं. बस गेली. विमानही गेलं.

आम्ही दोन दिवसांनी मुंबईत उतरलो. दोघांची प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली होती. पालक संतापले होते. प्राचार्यांनी लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं, "विद्यार्थिनींना वेळेवर गोळा करून बस थांबवण्याची जबाबदारी श्रीमती फिलोमिना यांच्याकडे होती." या वाक्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि पूर्ण वाक्य खोटं होतं. कॉलेजच्या वार्षिकांकात मी त्या सहलीचं प्रवासवर्णनही लिहिलं. त्यात "एका सहकाऱ्याच्या वेंधळेपणामुळे" असा उल्लेख केला. पाच मुली प्राचार्यांकडे खरं सांगायला गेल्या. बाईंच्या लाडक्या आहेत, म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं.

बाईंना सांगण्यात आलं, माफीपत्र द्या, विषय मिटेल, जूनमध्ये कायम व्हाल. त्या प्राचार्यांच्या खोलीत उभ्या होत्या, मी खुर्चीवर बसलो होतो.

"चुकले असते तर गुडघ्यावर बसले असते. पण ते फादरसमोर. तुमच्यासमोर कशाला?"

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, घड्याळ लावलंत का बरोबर?"

त्यांनी राजीनामा दिला नाही. मुदत संपेपर्यंत रोज वेळेवर आल्या, पुस्तकं जागेवर लावली आणि शेवटच्या दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवून गेल्या. जूनमध्ये दुसऱ्या कुणाला कायम केलं गेलं.

दोन वर्षांपूर्वी मी मरोळला त्यांच्या घरी गेलो. मे महिना होता. ओट्यावर बसून त्या कुटलेला मसाला बाटल्यांत ठासून भरत होत्या. मी उभ्यानंच सगळं कबूल केलं. त्यांनी बाटलीवरून नजर काढली नाही.

"हे मला कशाला सांगता? मी तिथंच होते ना. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. जिथं छापलंत, तिथंच छापा."

"माझ्यावर राग आहे?"

"आहे. चहा घेणार?"

चहा घेतला. निघताना एक बाटली हातात दिली. "छापून आलं की आणून दाखवा."

मी पुढच्या अंकासाठी लिहिलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रकृतीचं निमित्त होतं, आणि खरं म्हणजे भीती होती. या फेब्रुवारीत बाई गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला त्या पाचजणींतली एक मला चर्चच्या दारात भेटली. ती एवढंच म्हणाली, "सर, आजही उशिराच?"

हा मजकूर त्याच वार्षिकांकासाठी आहे. तरुण संपादकांचा काल फोन आला. "सर, आठवण फार सुंदर आहे. फक्त तो अहवालाचा भाग काढू या का? संस्थेचं नाव जातं." मी त्यांना सांगितलं, संस्थेनं नाव सांभाळावं, मी माझं सोडलं आहे. जागा कमी पडली तर किल्ले काढा, माझा फोटो आणि परिचय काढा. ही तीन वाक्यं मात्र ठेवा, आणि ठळक अक्षरांत ठेवा:

त्या रविवारी फिलोमिनाबाई मुलींना घेऊन फाटकाशी वेळेवर उभ्या होत्या. त्यांनी मला सकाळी सांगितलं होतं आणि दुपारी बोलवायला आल्या होत्या. मी गेलो नाही.